डब्यात परत टाकलेली चिठ्ठी

आधी माफी मागतो. गेलेल्या माणसांबद्दल या पुरवणीत लिहिणारे बहुतेक वयाने आणि अनुभवाने मोठे असतात. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या दत्ताराम काकांना लालबागच्या आमच्या चाळीबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. मी त्यांच्या नात्यातलाही नाही. त्यांच्यावर लिहायचं तर त्यांच्या बरोबरीच्या माणसांनी लिहावं, हे मला कळतं. पण एक गोष्ट मी त्यांना सांगायला हवी होती, ती सांगितली नाही, आणि आता ते नाहीत. दोनदा लिहून फाडलं. हा तिसरा कागद.

काका गिरगावात फणसवाडीजवळच्या एका छोट्या छापखान्यात होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, नाटकांची तिकिटं. तिकिटांवर नंबर मारायचं काम त्यांचं. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने पैशांऐवजी काय हवं ते घेऊन जा म्हटलं, तर यांनी हाताने नंबर मारायचं छोटं यंत्र मागून आणलं. काकी अजून सांगतात, "लोकांनी कपाटं नेली, खुर्च्या नेल्या. आमच्याकडे आले ते आकडे!" त्या यंत्रावर काकांनी चाळीच्या सोडतीची तिकिटं वर्षानुवर्षं छापली. दर दोन-तीन वर्षांनी चाळीत सोडत व्हायची... कधी पाण्याच्या टाकीसाठी, कधी कुणाच्या ऑपरेशनसाठी. सोडतीचा डबाही ठरलेला होता. तेलाचा पत्र्याचा डबा, आडवा बसवलेला, एका बाजूला फिरवायचं हँडल. तो माझ्या आजोबांनी केलेला. ते गिरणीत फिटर होते. मला आजोबा आठवत नाहीत, पण काका डबा पुसताना दरवेळी म्हणायचे, "तुझ्या आजाचं काम आहे हे. अजून हलत नाही बघ."

यंदाची सोडत आमच्या अभ्यासिकेसाठी होती. तळमजल्यावरची ती एक खोली. मी दहावी, बारावी तिथेच केली, कारण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही बंद झाला की शिलाई मशीन सुरू व्हायचं. अभ्यासिकेच्या छताचे पोपडे वह्यांवर पडायचे आणि दोनपैकी एक पंखा नुसताच लटकलेला असायचा. काकांनी मिटिंगमध्ये सांगितलं की या वेळी आपलं नाव कमिटीत नको, सगळं याच्याकडे द्या. मी घाबरलो. म्हटलं, मला काय येतं काका? ते म्हणाले, "ॲडमिशनचा फॉर्म भरताना कुठे येत होतं? भरलास ना?"

पण त्यांनी मला मोकळं सोडलं नाही. दोन महिने रोज संध्याकाळी गॅलरीत स्टूल टाकून शिकवणी. परवानगीचा कागद हातात येईपर्यंत यंत्राला शाई लावायची नाही. आधी बक्षिसं घरात आणून ठेवायची, मग तिकिटं. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर बक्षीस छापायचं नाही. पुस्तकं पंचवीस-पंचवीस तिकिटांची, आणि ती प्रत्येक मजल्यावरच्या अशाच माणसाकडे द्यायची ज्याच्याकडे लोक एरवीही चहाला थांबतात. कुणासमोर पैशांसाठी तोंड वेंगाडायचं नाही, फक्त अभ्यासिकेचं दार उघडून आत बघायला सांगायचं. तारीख महिन्याच्या शेवटी ठेवायची नाही. न खपलेली तिकिटं लोकांसमोर फाडायची. पुस्तकात उरलेल्या अर्ध्या भागावर घेणाऱ्याचं नाव असतं, त्याला ते स्थळप्रत म्हणायचे. त्या स्थळप्रतीच फाडून, घडी घालून चिठ्ठ्या म्हणून डब्यात टाकायच्या, आणि सगळ्या घड्या एकाच आकाराच्या हव्यात. आणि चिठ्ठी काढायला अक्षरओळख नसलेलं माणूस. हा जुना रिवाज. म्हणून वर्षानुवर्षं अनसूया आजीच चिठ्ठ्या काढत. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्या खाणावळ चालवायच्या, शाळेत कधी गेल्या नव्हत्या.

सगळ्यात शेवटचा नियम त्यांनी मला दोनदा म्हणायला लावला. चिठ्ठी उघडली की आधी लोकांकडे तोंड करून धरायची, मग स्वतः वाचायची. "येईल तो नंबर. एकदा सेक्रेटरीच्याच बायकोचा आला होता, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी धरून ठेवली चिठ्ठी. ओरडून ओरडून थकतात. पण चिठ्ठी परत आत गेली ना बाळा, तर सोडत संपली तिथेच."

तिकिटं हातोहात गेली. समोरच्या दोन इमारतींतूनही लोक तिकिटं मागायला आले. एका संध्याकाळी काकांनी स्वतःच खिशात हात घातला. "कमिटीत होतो तोवर कधी घेतलं नाही. आता मोकळा झालोय, दे एक." मी म्हटलं, निवडा. "निवडायचं काय, पुढचं असेल ते फाड." चारशे सतरा. पहिलं बक्षीस वॉशिंग मशीन होतं. तिकीट शर्टाच्या खिशात ठेवत ते हळू म्हणाले, "लागलं तर तुझ्या काकीच्या हातांना सुट्टी." काकींची बोटं संधिवाताने वाकडी झालीत. मोरीत बसून चादर पिळताना त्या आवाज करत नाहीत, पण बादलीवर बांगड्या आपटत राहतात, तेवढ्यावरून सगळ्या मजल्याला कळतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी चाळीच्या चौकात सोडत झाली. लहान बक्षिसं निघाली, टाळ्या पडल्या, सगळं छान चाललं होतं. पहिल्या बक्षिसासाठी मी हँडल फिरवलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून सुन्या ओरडला, "काय विद्वान! मशीन कमिटीच्या घरातच ठेवायचं ठरलंय ना? की मजूर लावू उतरवायला?" सगळे हसले. सुन्या वाईट नाही, तो प्रत्येकाला बोलतो. पण माझे कान तापले. आजींनी चिठ्ठी हातात दिली आणि मी ती लोकांकडे धरण्याआधी स्वतःकडे धरली.

चारशे सतरा. काकांचं नाव, माझ्याच अक्षरात.

किती वेळ गेला असेल... दोन सेकंद. मला दिसलं की आता सुन्या ओरडणार, मागचे शिट्ट्या मारणार, काका नावालाच कमिटीतून बाहेर पडले असं लोक म्हणणार आणि त्यांची इतक्या वर्षांची सचोटी या चौकात उधळणार. मी त्यांना वाचवतोय असं मला वाटलं. आज प्रामाणिकपणे लिहायचं तर मी स्वतःलाही वाचवत होतो. माझं पहिलंच मोठं काम होतं. "दोन चिठ्ठ्या चिकटल्यात," असं म्हणून मी ती आत टाकली आणि हँडल फिरवलं. दुसरी चिठ्ठी समोरच्या इमारतीतल्या एका जोडप्याची निघाली. काका पहिल्या रांगेत होते. त्यांनी खिशातलं तिकीट काढलं, डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं, परत ठेवलं आणि टाळ्या वाजवल्या. नंतर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "झकास केलंस."

अभ्यासिका झाली. छत, चार पंखे, नवी बाकं. सोडत इतकी यशस्वी कधी झाली नव्हती असं सगळे म्हणत होते. मशीन त्या जोडप्याने गावाला भावाकडे पाठवलं. त्यांच्याकडे आधीच एक होतं. आणि मी मागचा जिना वापरायला लागलो. पुढच्या जिन्याने गेलं की काकांच्या दारावरून जावं लागतं. सुरुवातीला मनाशी ठरवायचो, आज सांगू. मग परीक्षा आली. मग निकाल लागू दे म्हटलं. दिवस जातील तशी ती गोष्ट लहान होईल असं वाटलं होतं, ती मोठीच होत गेली. चाळीत माणूस टाळणं किती अवघड असतं आणि तरी ते मला किती सराईतपणे जमायला लागलं...

एकदा सकाळी काका मागच्या जिन्याच्या तळाशीच उभे होते. हातात दुधाची पिशवी. म्हणाले, "हा जिना तुला लांब पडतो रे." मी म्हटलं, कॉलेजला उशीर होतोय. "हो, जा जा. पण ये एकदा निवांत. डब्याचं हँडल सैल झालंय. तुझ्या आजाने कसं बसवलंय ते दाखवतो तुला." मी हो म्हणालो. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर तीन आठवड्यांनी, मी लेक्चरला बसलेलो असताना आईचा फोन आला. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर मी काकींकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा रागावतील. त्या बराच वेळ ओला पंचा झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मशीन ठेवायला जागा कुठे होती रे आमच्याकडे? मोरीत मी बसायची की ते?" हसल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही. आतून डबा आणि नंबरचं यंत्र आणून माझ्यासमोर ठेवलं. "तुला द्यायचंय म्हणून यांनी सांगून ठेवलं होतं. ने."

डबा आता अभ्यासिकेत, माझ्या बाकाशेजारी आहे. हँडल खरंच सैल झालंय. गेल्या रविवारी मी पाना घेऊन ते घट्ट करत बसलो होतो, म्हणजे प्रयत्न करत होतो, कारण हँडल दांड्यावर अडकवणारी आतली पाचर कशी बसवलीय ते मला कळत नव्हतं. अनसूया आजी काठी टेकत आल्या आणि बाकावर बसल्या. काकींना सांगितल्यापासून मला धीर आला होता. म्हटलं, आजी, मशीनसाठी तुम्ही आधी काढलेली चिठ्ठी...

"माका म्हायत आसा."

मी पाना खाली ठेवला. कसं, विचारलं. "अरे झिला, दोन चिकटल्यात म्हणालंस. जन्मभर भाकऱ्या मोजून वाढल्यात मी. एक किती आणि दोन किती, बोटांका कळता. मी एकच दिली होती." मग म्हणाल्या, "आणि अक्षर येत नाय म्हणून आकडे येत नाय असा कोणी सांगितल्यान तुका? माझ्या खाणावळीचे सगळे डबे नंबरावर जायचे. तू चिठ्ठी उघडलंस तेव्हा मी बाजूकच होतंय. चारशे सतरा होता."

शाळा न शिकलेल्या बाईला काय कळणार, असं कॉलेजात जाणाऱ्या मी धरून चाललो होतो. त्याची लाज वाटायलाही मला वेळ मिळाला नाही, कारण माझ्या तोंडून दुसराच प्रश्न निघाला. काकांना सांगितलंत?

"दुसऱ्या दिवशीच. माका काय ठाऊक त्याचोच नंबर तो! खिशातला तिकीट काढून बघल्यान आणि परत ठेवल्यान." आजींनी डब्यावर हात ठेवला. "मी म्हटलंय, दत्ताराम, पोराक बोलव आणि विचार. तर तो नको म्हणालो."

का, असं मी विचारलं की नाही ते आठवत नाही. आजींनी काकांचे शब्द काकांच्याच भाषेत सांगितले, बोलताना त्यांचा आवाजही तसाच झाला.

"'तो येईल सांगायला. घाई काय आहे? मी आहे की.'"