तुपाचा नेम

लिहिण्याची सवय मला निवृत्तीनंतर लागली. घरातल्या माणसाविषयी लिहिताना अजूनही संकोच वाटतो.

देऊळघाटला शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या छातीत पहिल्यांदा दुखले, तेव्हा अकोल्याला त्याची अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत चरबीचा थर बसला होता. स्टेंट घालावा इतका मात्र नव्हता. डॉक्टरांनी एक गोळी रक्तदाबाची आणि एक कोलेस्टेरॉलची लिहून दिली, आणि दोन्ही जन्मभर घ्यायच्या असे बजावले. वाढलेला दाब वाहिनीच्या अस्तराला इजा करतो, चरबी तिथेच साचते, म्हणून एकीने भागत नाही, असे त्यांचे सांगणे होते.

घरी परतल्यावर भावाने देवासमोर बसून, तळहातावरचे पाणी ताम्हनात सोडून, तूप सोडले. आमच्याकडे अशी सोडलेली वस्तू पुन्हा तोंडाला लावत नाहीत. पुरणपोळीसुद्धा तो कोरडी खाऊ लागला आणि त्याच नेमाच्या बळावर त्याने कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. दुसरी गोळी डोके जड झाले तरच घेई.

भाऊबीजेला हे माझ्या कानावर आले. ओवाळून झाल्यावर मी त्याला सांगितले की तूप बंद केले तरी कोलेस्टेरॉल यकृतात तयार होतच असते. तो हसला.

"बाई, माह्या अंगात काय आपोआप तूप कढून राह्यलं का?"

वहिनी मात्र हसली नाही. "देवाले शब्द देला हाये. आता वरून गोयी घेतली, तं त्याच्यावर भरवसा नाही असं होईन."

नेम राहू द्या आणि गोळीही घ्या, असे मी म्हणून पाहिले. तोवर बोलणे सोयाबीनच्या मळणीकडे वळले होते.

त्याच हिवाळ्यात त्याला शेतात झटका आला. पित्त समजून तो बांधावर पडून राहिला, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत फार उशीर झाला. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली गेली. हृदयाचा बराच स्नायू तोवर मेला होता.

आता तो दोन्ही गोळ्या न चुकता घेतो. परवा बुलढाण्याहून तपासणी करून परतताना गाडीत त्याने मला विचारले, "आता दोन्ही घेऊन राह्यलो. मंग हृदय पह्यल्यासारखं होईन ना?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितले होते, ते मी त्याला सावकाश समजावले. गोळ्यांनी थर आवरला जाईल, पुढचा झटका कदाचित टळेल. मेलेला भाग परत येत नाही.

त्याने मांडीवरची गोळ्यांची पिशवी उघडून पाहिली.

"म्हंजे तवाच घ्याच्या होत्या."

"हो."

घराच्या तीन पायऱ्या त्याला एका दमात चढवल्या नाहीत. तो मधल्या पायरीवर बसला. डॉक्टर काय म्हणाले, असे वहिनीने दारातून विचारले. गोळ्या चालू ठेवा म्हणाले, एवढेच त्याने सांगितले. ती समाधानाने पाणी आणायला आत गेली, आणि मी त्याच्या शेजारी पायरीवर टेकले.