चंदनाचा हार

टाळी मीच पहिली वाजवली. शाळेत शिपाई होतो मी. स्टेजवरचा माणूस दम घ्यायला थांबला की माझे हात आपोआप वाजायचे. ऐंशीनंतरची कुठलीशी सव्वीस जानेवारी. शाळेचे चेअरमन माइकवर म्हणाले, "साक्रीच्या मातीचा शहीद…" आणि थांबले. मी वाजवली.

स्टेजवरच, शेजारच्या खुर्चीवरून वहिनीने माझं मनगट धरलं. "भाऊजी, टाळ्या काबर वाजाडी राहिनात?"

शहीद म्हणजे तिचा नवरा. माझा थोरला भाऊ. म्हणून आम्हाला स्टेजवर खुर्च्या. लढाऊ विमानाचा पायलट. घरातली सगळी अक्कल दादाने नेली, मला शाळेची घंटा उरली. एकाहत्तरच्या लढाईत त्याचं विमान सीमेपलीकडे गेलं, परत आलं नाही. सरकारने कळवलं, बेपत्ता. मेला असं कोणीच म्हटलं नव्हतं. वहिनी रोज कुंकू लावत होती.

आणि स्टेजवर दादाचा फोटो. त्याला चंदनाचा हार. आमच्याकडे तो गेलेल्या माणसाच्याच फोटोला चढतो.

चेअरमन सांगत होते, "याचा बाप आमच्या मळ्यात पाणी भरायचा. पोरगा आमच्या मिठाला जागला."

मीठ? आबांनी जन्मभर यांच्या उसाला पाणी दिलं. आबांना तहान लागली की यांच्या घरचं पाणी वरून, ओंजळीत. भांड्याला हात लावायचा नाही.

मग चेअरमनबाई कुंकवाची कोयरी घेऊन उठल्या. स्टेजवरच्या एकेका बाईला कुंकू लावत आल्या. वहिनीपाशी बोट थांबलं.

"पुसून यायचं होतं गं. आजच्या दिवशी बरं दिसत नाही."

आणि तिच्या मांडीवर पांढरं पातळ ठेवलं.

वहिनीने ते उचलून खाली, चपलांशेजारी ठेवलं. कपाळाला हात लावला नाही.

मी उठलो. फोटोवरचा हार काढला. चेअरमनना वाटलं सत्कार. सवयीने मान पुढे केली त्यांनी. मी हार घातला.

"जिवंत माणसाला चालतो ना हा?" मी विचारलं. समोर माइक चालू होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. अख्ख्या मैदानाने ऐकलं.

मागून एक बाई हसली. मग सगळा, बठ्ठा गाव. चेअरमननी हार ओरबाडला, तो कानाच्या बाळीत अडकला. वहिनी दादाचा फोटो काखेत मारून खाली उतरली.

संध्याकाळी निरोप आला. बंगल्यावर ये, पाय धर, नाहीतर नोकरी गेली. मी गेलो नाही. नोकरी गेली.

दादा येईल तेव्हा येईल. नाही आला तरी त्याचं मरण हे लोक ठरवणार नाहीत. वहिनीचं कपाळ तर नाहीच नाही. माफी मागणार नाही मी. त्यांनी मागितली तरी देणार नाही. आबांच्या ओंजळीसकट सगळं लक्षात ठेवलंय.

नोकरी गेली त्या रात्री ताट वाढताना बायको एवढंच म्हणाली, "पुढला साल बी त्या कार्यक्रम करतीन. जाऊ आपण. हार मी घरथून लई इसू."