भिंतीवरचं मूल

लुआला कुणी टक लावून पाहिलेलं अजिबात खपत नसे. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिनं गवती टोपी नाकापर्यंत ओढून घेतली होती. तिची सासू, मुईम्हातारी, आल्यागेल्याला सांगत सुटली होती, सून आणली की टोपी आणली ते अजून कळायचंय म्हणून. अशा बाईचं तोंड पुढे अख्ख्या जिल्ह्याच्या भिंतींवर लागलं. नशिबाला थट्टा करायला माणूस बरोबर सापडतं.

भातलावणीत तिचा हात धरणारं आमच्या बेन गावात कुणी नव्हतं. बोलणं मोजकं, काम ढीगभर. नवरा खाम दक्षिणेच्या आघाडीवर गेला तेव्हा ती पोटुशी होती. मुलगा झाला. वाईट नजर लागू नये म्हणून आमच्याकडे तान्ह्या पोराला ओंगळ नावानं हाक मारतात, तसं त्याला चिखल्या म्हणायचे. भात फुलोऱ्यात आलं त्या दिवसांत चिखल्याला ताप भरला आणि तो गेला.

तान्ह्या पोराला आमच्याकडे सुतक नाही, तसबीर नाही, उदबत्ती नाही. उदबत्ती मोठ्यांची, ज्यांच्यापुढे आपण वाकायचं त्यांची. आईबापांनी पोरापुढे वाकायचं नसतं. तुतीच्या बांधाला खड्डा खणला, वरची माती सारखी केली आणि सगळ्या जणी कामाला लागल्या. सासूनं बजावलं, खामला यातलं काही कळता कामा नये. लढायला गेलेल्याचे पाय मागे ओढायचे नाहीत. महिला मंडळाच्या पुढारीण बाईंनीही त्याला मान डोलावली. दक्षिणेकडे निघालेली तुकडी गावात उतरली की मुईम्हातारी एखाद्या शिपायाला गाठून सांगायची, बेनचा खाम भेटला तर म्हणावं, पोरगा गुटगुटीत आहे. तिला यात खोटं बोलल्यासारखं वाटतच नसे. तिच्या मते ते आपल्या लेकाचं पोट भरण्यासारखंच होतं.

पुढच्या हंगामात जिल्ह्याच्या प्रचार कचेरीतून विन्ह नावाचा चित्रकार आला, सायकलला रंगांचे डबे बांधून. पुरुष गेले होते, अमेरिकन विमानं डोक्यावरून जात होती. नांगर, घर आणि बंदूक, तिन्ही आता बायकांनी उचलायचं, हे बायकांना समजेल असं भिंतीवर काढायचं होतं. सहकारी संस्थेच्या खळ्याची भिंत त्यानं चुन्यानं पांढरी केली आणि खळ्यावरच्या बायकांवरून नजर फिरवून लुआच्या डोक्यावरची टोपी उचलली.

लुआ नको म्हणाली. पुढारीण बाई म्हणाल्या, "देशासाठी उभं राहायचंय, नवरी म्हणून नाही. चल."

चित्रात खांद्यावर बंदूक, एका हातात भाताची पेंडी आणि कडेवर मूल हवं होतं. मूल द्यायला कुणी तयार होईना. चित्रात बसलेलं पोर घरात टिकत नाही, हे आमच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. शेवटी विन्हनं पेंढ्याचं एक गाठोडं फडक्यात गुंडाळून लुआच्या कडेवर दिलं. ती उभी राहिली. उभ्या उभ्या तिचा हात गाठोड्याला थोपटायला लागला, आणि ते तिच्याही ध्यानात आलं नाही.

ऊन उतरता उतरता विन्हनं चित्रातल्या मुलाचे डोळे रंगवले. त्याच वेळी लुआच्या छातीत कळ आली. कित्येक महिन्यांपूर्वी आटलेलं दूध आलं आणि तिचा सदरा भिजला. तिनं भिंतीकडे पाहिलं. मुलाची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. चिखल्याचीही तशीच होती.

"भुवईचं तुम्हाला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

विन्ह कुंचला पुसत होता. "कोण सांगणार? तुमच्या कडेवर जे दिसलं ते काढलं."

लुआनं गाठोडं खाली ठेवलं आणि टोपी न घेताच घरी गेली.

चित्रानं काम केलं, हे मात्र कबूल करायलाच हवं. बाईनं नांगराला हात लावला तर भात कुजतं म्हणणाऱ्या बायका महिनाभरात म्हशीमागं चालायला लागल्या. कवायतीला पोरींची रांग लागली. चित्राच्या छापील नकला आसपासच्या गावांतही गेल्या. सभेत कुणी कुरकुर केली की पुढारीण बाई नुसतं भिंतीकडे बोट दाखवायच्या.

एकदा होई नावाच्या बाईनं बांध भरायच्या कामातून सूट मागितली. तिची मुलगी अंगावर पीत होती. पुढारीण बाईंचं बोट भिंतीकडे गेलं. "ती बघ, पोर कडेवर घेऊन सगळं करते. तुलाच काय धाड भरलीय?"

"तिचं पोर चुन्याचं आहे, बाई," होई म्हणाली. "ते रडत नाही का हगत नाही. मलाही तसलंच द्या, दोन नांगर धरते."

सभेत कुणी हसलं नाही. लुआ पहिल्याच रांगेत बसली होती. सभा मोडल्यावर होई तिच्याजवळ आली, तिचा हात धरून उभी राहिली. लुआ म्हणाली, "खरं तेच बोललीस." होईची चूक नव्हतीच. जिवंत पोराच्या आईला मेलेल्या पोराचं उदाहरण देणाऱ्यांची होती, आणि ते त्या वेळी बोलून दाखवायची हिंमत गावात कुणाची झाली नाही, हे आठवलं की आजही राग येतो.

पावसाळ्यात रंग उडाले. विन्ह परत आला आणि त्यानं चित्र उजळून दिलं. त्याच्या थोडंच आधी मुईम्हातारीनं एका तुकडीबरोबर निरोप धाडला होता, पोराला खालचे दोन दात आले. उजळलेल्या चित्रात मुलाचे ओठ किंचित उघडे होते आणि आत दोन पांढरे ठिपके होते. विन्ह शपथेवर सांगत होता, मी जुन्या रेघांवरूनच कुंचला फिरवला.

वादळानंतर त्याला पुन्हा बोलावलं. तेव्हाचा म्हातारीचा निरोप होता, पोरगा धरून उभा राहतो. या खेपेला मुलाचे पाय लुआच्या गुडघ्यापर्यंत आले. शहाणी माणसं म्हणाली, चित्रकाराचा हात दर वेळी सारखा थोडाच पडतो. पण त्याच शहाण्यांच्या बायका पोरांना घेऊन खळ्याकडून जायच्या बंद झाल्या. तळ्याचा लांबचा वळसा परवडला, पण भरदुपारी त्या भिंतीसमोरून जाणं नको, असं झालं.

लुआ सासूला म्हणाली, "आई, आता निरोप नका धाडू. तुम्ही बोलता ते तिथं उगवतंय."

म्हातारीनं पान तोंडात सारलं. मग म्हणाली, "चांगलंच आहे की. कुठंतरी वाढतंय."

 लुआला आता सगळं स्पष्ट दिसत होतं. बापाच्या मनात पोर जिवंत होतं, म्हणून चिखल्याला जायला वाट मिळत नव्हती. मेल्याचं ज्याला कुणी सांगितलंच नाही, ते जाणार कुठं? खामला कळल्याशिवाय ते सुटणार नव्हतं. आणि खामला सांगायचं म्हणजे त्याचे पाय मागे ओढायचे, कदाचित त्याचा जीवच धोक्यात घालायचा. तुकड्या यायच्या, खळ्यावर पाणी प्यायच्या, लुआ घागर घेऊन उभी राहायची आणि तोंड न उघडता परतायची.

तोवर निदान पोराला तरी कळावं, म्हणून ती रोज शेतावरून येताना भिंतीखालच्या चिखलात एक उदबत्ती खोचायला लागली. वाकायची नाही, नुसती खोचायची. म्हातारी माणसं बघतील तर रीत मोडली म्हणून बोलतील आणि पुढारीण बाई अंधश्रद्धा म्हणून, तेव्हा ती आजूबाजूला बघून काडी ओढायची. उदबत्ती लावली की मग थोडा वेळ बांधावर जाऊन बसायची. जळून संपेपर्यंत तिला भिंतीजवळ थांबवत नसे.

खाम आला तो असाच संध्याकाळी, जखमी हात गळ्यातल्या झोळीत घेऊन. जखम भरेपर्यंत रजा मिळाली होती. गावात शिरताना पहिलं लागतं ते खळं. भिंतीवर त्याची बायको होती, आणि तिच्यापुढे उदबत्ती जळत होती.

माणसाच्या चित्रापुढे उदबत्ती दिसली की आमच्यातलं कुणीही एकच गोष्ट समजतं, ते माणूस गेलं. खामही तेच समजला. तो तिथंच थिजला, आणि तेवढ्यात बांधावरून लुआ खाली उतरली, खांद्यावर बंदूक आणि हातात भाताची पेंडी घेऊन, हुबेहूब भिंतीवरच्यासारखी. कडेवर मात्र मूल नव्हतं.

खाम दोन पावलं मागे सरकला. लुआनं त्याला ओळखलं. ती पुढे यायला लागली तसा त्यानं चांगला हात आडवा केला.

"तिथंच थांब," तो अगदी हळू म्हणाला, घाबरलेल्या गुराशी बोलावं तसं. "मला उशीर झाला, कळतंय मला. फक्त एवढं सांग आणि जा. पोराला कुणाकडे ठेवून गेलीस?"

गप्प बसायची तिला इतकी सवय झाली होती की क्षणभर तिला वाटलं, मागे वळावं, अंधारात निघून जावं आणि या माणसाला पोर जिवंत ठेवू द्यावं. बायको मेली असं समजूनही तो उभा होता. पोराच्या आधारावरच उभा होता.

मग तिनं पेंडी खाली टाकली, पुढे होऊन त्याचा आडवा हात धरला आणि आपल्या गालावर ठेवला. "अहो, मी जिवंत आहे. हात लावून बघा, गरम आहे मी."

त्यानं गाल चाचपला, कपाळ चाचपलं. हसू त्याच्या तोंडावर येतच होतं. तेवढ्यात त्याची नजर चिखलातल्या उदबत्तीवर गेली.

"मग ही कुणाची?"

"चिखल्याची," लुआ म्हणाली. "तो तान्हा असतानाच गेला. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."

खाम भिंतीकडे बघत राहिला. "पण दात आले होते ना त्याला? आईचा निरोप पोचला होता," तो म्हणाला. "खालचे दोन दात. मी सगळ्या तुकडीला चिक्की वाटली होती."