काळ्या रेक्झिनची वही

रूथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडूनच बसले होते. अंगात ताप असताना ती पुस्तकांची पिशवी घेऊन जानेफळला जाऊन आली होती, आणि त्यावरून मी तिला नाही नाही ते बोलले होते. फोन तिच्या मुलीचा, एस्तेरचा. आजारपणाचं कळल्यावर ती दोनच दिवसांपूर्वी पुण्याहून आली होती. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. मी चपला सरकवून निघाले. खोटं कशाला सांगू, वाटेत रडू यायच्या आधी मला तिची वही आठवली...

बुलढाण्यात आम्ही दोघी एका गल्लीत तीस वर्षं राहिलो. ती एसटीच्या डेपोत कारकून, मी शाळेत मास्तरीण. ती ख्रिस्ती, मी सोमवार धरणारी, त्यामुळे देवावरून रोजचं भांडण. "विश्वास म्हंजे काय वं निर्मला," ती म्हणायची, "गाडी येईन म्हनून स्टँडवर बसून राहनं." मी विचारायचे, "अन् नाई आली तं?" "तं मंग भांडाचं त्याच्याशी!" भांडायची ती खरोखर, तेही लेखी. गाडीत बसल्या बसल्या मनात येईल ते वहीत उतरवायची, बोलायची तशाच भाषेत. देवाला शाबासकी आणि देवाची खरडपट्टी, दोन्ही त्यातच.

निवृत्तीनंतर पिशवीत पंधरा-वीस पुस्तकं भरून ती धाडच्या बाजाराला, कधी धामणगाव बढ्याला जायची आणि गाडीची वाट पाहणाऱ्या बायांना वाचायला द्यायची. अट एकच, पुस्तक परत देताना त्यातलं काय पटलं नाही ते सांगायचं. तिचं स्वतःचं धर्मपुस्तक, ज्याला ती नुसतं 'शास्त्र' म्हणायची, वाचून वाचून खिळखिळं झालं तेव्हा तिने ते बाइंडरकडे टाकलं. काळं रेक्झिन उरलं, तर त्यातच वहीही बांधून घेतली. दोन्ही एकाच मापाची. मी म्हटलं, "एखाद्या दिवशी घोटाळा करशीन." ती हसली. "होऊ दे. दोहीतही त्याच्याशीच बोलनं हाय."

आठ वर्षांपूर्वी तिचा धाकटा, सॅम्युएल, कावीळ होऊन गेला. एकवीस वर्षांचा होता. त्याला माती दिली आणि चौथ्या दिवशी रूथ पिशवी उचलून धाडच्या गाडीत बसली. गल्ली चार दिवस तेच चघळत होती. एस्तेरने तर ते कधीच माफ केलं नाही. "भाऊ गेला आणि आई रडलीसुद्धा नाही मावशी, पुस्तकं वाटायला गेली," असं ती मला दरवेळी ऐकवायची. मायलेकींचं बोलणं तेव्हापासून कामापुरतं उरलं. आमच्या शेवटच्या भेटीत रूथने उशाशी बोट दाखवलं. "वही एस्तेरले देजो. म्या गेल्यावर. सॅम्युएल गेला तवाचं सारं त्यात हाय."

"आत्ताच काऊन नाई देत?"

"ती वाचत असतानी तिच्या तोंडाकडं पाह्याची हिंमत नाई मले."

तेव्हाच मागून घेतली असती तर... पण मी वेंधळी, हो म्हणून घरी आले.

घरात माणसं दाटली होती, उशापर्यंत जाता येईना. दुपारी रूथला पांढरी साडी नेसवून बाहेरच्या खोलीत पेटीत ठेवलं, तेव्हा कुठे आतली खोली रिकामी झाली. मी लगेच तिच्या गादीच्या उशाशी गेले. तिथे फक्त चष्मा. गादीखाली हात घालून पाहिलं, फळीवर पाहिलं, तशी तिची एक नणंद माझ्याकडे रोखून बघायला लागली. बाहेर प्रार्थना संपली तशी मी पेटीजवळ आले. माणसाचं शास्त्र त्याच्या हातात देऊनच निरोप द्यायचा, ही त्या घराची रीत. एस्तेरने ते स्वतःच आईच्या छातीवर ठेवलं होतं. दोघे जण झाकण घेऊन पुढे आले आणि मला रूथच्या बोटांखाली पानांची कड दिसली. शास्त्राची कड लाल होती. ही पांढरी होती.

परक्या धर्माच्या निरोपात तोंड कसं घालायचं? आणि माझं चुकलं तर? चर्चचे पाळक हलकेच म्हणाले, "बाई, जरा मागे व्हा." झाकण टेकलं... आणि मी ओरडले, "थांबा! ते शास्त्र नाई!"

एस्तेरचे डोळे पेटले. "मावशी, आमच्या रीती तुम्हाला माहीत नाहीत."

"रीती नाई माहीत मले. तुह्या मायची वही माहीत हाय. पाह्य एकदा उघडून, मंग हाकलून दे मले."

एस्तेरने झाकण बाजूला करायला लावलं. मग तिनेच आईची बोटं एकेक करून सोडवली आणि वही उघडली. दोन-चार पानं उलटून ती एका पानावर थांबली. पाळकांनी घड्याळ पाहिलं. बऱ्याच वेळाने तिने ते पान माझ्यापुढे धरलं. "आज तीनदा धाडच्या गाडीत बसून गेली-आली. उतरली नाई. पिशवी उघडलीच नाई. गाडीत रडता येते, खिडकीकडं तोंड केलं तं कोनी पुसत नाई. घरी एस्तेर हाय, म्या कोसळली तं तिनं कोनाकडं पाहावं?"

शास्त्र जानेफळहून आलेल्या पिशवीतच सापडलं. ते रूथच्या हातात दिलं आणि तिला नेलं. एस्तेर दफनभूमीतही रडली नाही. वही पदराखाली घट्ट धरून उभी होती. मला तिची काळजीच वाटत होती.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. हातात वही, खांद्याला रूथची पिशवी. "मावशी, धाडची गाडी कुठे लागते?" मी तिच्याबरोबर स्टँडवर गेले. पिशवी माझ्याकडे देऊन ती खिडकीशी बसली. मीही येते म्हटलं तर मानेनेच नको म्हणाली. गाडी गेली. दोन तासांनी परत आली, सगळी माणसं उतरली, एस्तेर उतरली नाही. कंडक्टरने काहीतरी विचारलं, तिने तोंड न वळवता तिकिटाचे पैसे पुढे केले. मी हाक मारणार होते... मग पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर बसून राहिले.