घडी नको, गुंडाळी करा

भिंतीला कान असतात म्हणतात, पण त्या सकाळी दाराबाहेर होते ते मावशीचे कान. दोन्ही हातांत चहाचे कप, आणि दार ढकलायला देवानं तिसरा हात दिलेला नाही. म्हणून ती पायानं दार लोटणार, एवढ्यात मागच्या खोलीतून लेकीचा आवाज आला.

"पुढच्या वेळी तू एकटा ये. मी या घरात पुन्हा झोपणार नाही."

"अगं हळू बोल, आई उठल्या असतील," जावई म्हणाला.

"उठू देत. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. तुला चार दिवसांचं कौतुक वाटतंय. मी वीस वर्षं काढलीत या बर्फाळ गावातल्या गारठ्यात. हातांत पायमोजे घालून झोपायचे मी."

"म्हणून आईला भेटायचंच नाही?"

"फोन आहे की."

मावशी तशीच मागे फिरली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिनं दोन्ही कप स्वतःच रिकामे केले, एकामागून एक, जीभ पोळली तरी. मग मुद्दाम दोन भांडी आपटली आणि मोठ्यानं हाक मारली, "उठलात का रे? चहा टाकतेय." दुपारी हसतमुखानं त्यांना बसमध्ये बसवून दिलं.

लेक खोटं बोलली नव्हती, हेच तर मावशीला लागलं. खोटं असतं तर भांडता आलं असतं. पोर चार वर्षांची असताना नवरा गेला आणि मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीला लागली. दिवसभर वाफाळत्या चादरींच्या ढिगात उभी, घामानं निथळत. आणि घरी पोर खिडकीला गोधडी लावून कुडकुडत बसलेली. जगाच्या चादरी कडक गरम, आणि स्वतःच्या लेकराच्या अंगाखाली बर्फाची लादी. शेगडी एकच, ती स्वयंपाकघरात. तिच्या उबेला मागची खोली कधी दिसलीच नाही.

लेक गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी शेजारच्या वायरमनकडे गेली.

"भाऊ, पांघरुणात वीज घालता येते का?"

"येते. पण तुम्ही घालू नका."

"का?"

"कारण मला तुमच्या तेराव्याला यायचं नाही."

"मग शिकवा. म्हणजे बोलवायची वेळ येणार नाही."

तो हसला आणि फसला. गरम होणारी तार कुठली, जळून जाणारी कुठली, बटण कुठं, दोन तारांत अंतर किती, सगळं त्यानं सांगितलं. शिवणाचं मात्र त्याला काही सांगावं लागलं नाही. मावशीनं दुपदरी ब्लँकेटला आडवे नेफे घातले आणि परकरात नाडी ओवावी तशी पिनेला बांधून तार ओवली. पहिलं ब्लँकेट डोक्याकडे तापलं आणि पायाकडे थंडगार राहिलं. दुसरं मध्येच रुसलं. तिसरं जमलं. वायरमननं मीटर लावून तपासलं आणि म्हणाला, "मावशी, आता माझं दुकान बंद करता की काय!"

ते ब्लँकेट मागच्या खोलीतल्या गादीवर गेलं. थंडीत रोज चार वाजता मावशी ते चालू करायची आणि सहाला बंद करायची. चारच का, तर बस साडेचारला येते. लेक न सांगता येणाऱ्यांतली नव्हती, पण माणसाचं सांगता येत नाही.

उबेची बातमी काही लपून राहत नाही. आधी समोरच्या निवृत्त मास्तरांचे गुडघे आले, मग बेकरीवाल्याची सासू, मग अख्खी गल्ली. कोणाला ब्लँकेट, कोणाला कमरेचा पट्टा, कोणाला जाकीट. लोक तिला हीटरमावशी म्हणायला लागले. तिचा एक नियम होता. कुठलीही वस्तू गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ती स्वतः अर्धा तास अंगावर घ्यायची. तोवर मटार सोलायची नाहीतर बटणं लावायची. आणि प्रत्येक वस्तूच्या कडेला एक कापडी चिठ्ठी शिवायची, वाकड्या अक्षरात: घडी नको, गुंडाळी करा. घडी घातली की तार त्या रेषेवर तुटते. पण वर्षानुवर्षं घड्या घातलेला हात थोडाच ऐकतो? दर हिवाळ्यात कोणीतरी घडीचं ब्लँकेट काखेत घेऊन दारात उभं.

"मावशी, हे मधूनच गार पडतंय हो."

"पडेल नाही तर काय. चिठ्ठी वाचायला लावली होती, शोभेला नाही."

मग ती ब्लँकेट पसरून पायापासून वर तळहात फिरवत जायची. हात थांबला की तिथंच कात्री. कधी चुकली नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात तिनं लेकीसाठी जाकीट शिवलं. निळं, आतून मऊ, मोबाइलच्या चार्जिंगची छोटी बॅटरी बसेल असा आत खिसा. माप लेकीच्या जुन्या ब्लाउजचं, शिलाईत दोन बोटं माया सोडलेली. मागच्या खोलीत खिळ्याला टांगलं. दर हिवाळ्यात ते खुर्चीच्या पाठीला घालून तपासायची. स्वतः कधी अंगात घातलं नाही. ते तिचं नव्हतं.

फोन दर रविवारी यायचा.

"कधी येतेस?"

"बघू गं. रजाच नाही."

घर आता गरम असतं, हे मावशीच्या ओठांवर यायचं आणि ती गिळायची. बोलली असती तर लेकीनं विचारलं असतं, हे मला का सांगतेस? मग त्या सकाळचे दोन कप बाहेर आले असते. म्हणून ती आडून म्हणायची, "यंदा इकडे थंडी अशी नाहीच गं." म्हणताना खिडकीच्या काचेवर बोटभर बर्फ.

"बरं झालं," लेक म्हणायची, आणि विषय जावयाच्या पोटदुखीवर जायचा.

अकराव्या हिवाळ्यात फोन मंगळवारी आला. "काय झालं?" मावशीनं आधी तेच विचारलं.

"काही नाही गं आई, घाबरू नकोस. नवीन ऑफिसात एसी अगदी माझ्या डोक्यावर आहे. इथं हिवाळ्यातही बाहेर ऊन भाजतंय आणि आत मी गारठतेय. बोटं वळत नाहीत. तू लोकांना ती गरम जाकिटं शिवतेस ना? मला एक पाठवशील?"

घ्यायला तूच ये ना, एवढे चारच शब्द. मावशीच्या जिभेच्या टोकावर आले होते. लेक कदाचित आलीही असती, एवढ्याशा निमित्तानं. पण आलीच तरी तोवर ती कुडकुडत बसणार. मावशीला पायमोजे घातलेले ते दोन हात दिसले.

"माप सांग," ती म्हणाली.

"हसू नकोस हं. वाढलेय मी."

मावशीनं माप लिहून घेतलं, फोन ठेवला आणि खिळ्यावरचं जाकीट उतरवलं. दोन्ही बाजूंची शिलाई उसवली आणि सोडलेली माया सगळी लागली, एक दोराही उरला नाही. मग नियमाप्रमाणे अर्धा तास अंगात घालायचं होतं. घातलं, तर तिला नेमकं बसलं. खांद्याला, छातीला, कुठं ओढ नाही की झोळ नाही. सडपातळ पोर म्हणून अकरा वर्षं जिची वाट पाहिली, ती आता आपल्याएवढी बाई झालीय! मटारची टोपली मांडीवर तशीच राहिली. पाठीत हळूहळू ऊब चढली. अर्धा तास झाला तरी ती उठली नाही. पाऊण तास झाला. एवढं एकच जाकीट तिनं नियमापेक्षा जास्त वेळ घातलं.

पुढच्या आठवड्यात मावशीनं अंथरूण धरलं ते कायमचंच. पण त्याआधीच्या गुरुवारी हे कोणाला ठाऊक? जाकीट घेऊन ती पोस्टात गेली, नेहमीसारखी, डोक्याला रुमाल बांधून. खिडकीतला कारकून ओळखीचा. त्याची आई मावशीच्याच ब्लँकेटखाली झोपायची.

"कुठं धाडताय? अहो मावशी, तिथं लोक उन्हात अंडी उकडतात म्हणे!"

"बाहेर उकडतात. आत गोठतात."

"बरं, या खोक्यात बसेल. घडी घाला की जरा."

"घडी नाही."

"मोठं खोकं लागेल मग."

"लागू दे. आणि तुझ्या आईला सांग, उन्हाळ्यात ब्लँकेट ठेवताना गुंडाळून ठेव म्हणावं. मागच्या वर्षी घडी घातली होती तिनं, मला कळलंय."

जाकीट तिनं स्वतः गुंडाळलं, चिठ्ठी वर दिसेल असं. पावती रुमालाच्या टोकाला बांधली. वाटेत मास्तरांना विचारलं, गुडघे कसे आहेत. घरी पोचली तेव्हा चार वाजत आले होते. चपला काढल्या, मागच्या खोलीत गेली. खिळा रिकामा होता. तिनं ब्लँकेटचं बटण दाबलं, आणि पायापासून वर तळहात फिरवत उभी राहिली.