काकाजींनी न घेतलेलं नाव

सुत्तवाल्या काकाजींना हळू बोलता येत नसे. उभी हयात कापडाच्या मिलमध्ये मागांच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळे घरातली गोष्टही ते अशी सांगत की शेजारच्या अंगणात ऐकू जाई. पण हाच आवाज आमच्या वस्तीतल्या विहारात पालीतलं महामंगल सुत्त म्हणू लागला की रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून थांबे. दीक्षेनंतर भन्तेजींकडून ऐकून ऐकून त्यांनी ते पाठ केलं होतं, आणि मग आम्हा पोरींना शिकवलं. एखादीनं सूर ओढला की म्हणत, "भजन नाही म्हणून राहिलो वं आपण."

पाठ संपला की त्याचं पुण्य सगळ्या प्राणिमात्रांना द्यायचं. तिथे बायकांची चुळबुळ सुरू होई. कुणाला लेकीच्या बाळंतपणासाठी नाव घ्यायला हवं असे, कुणाला मुलाच्या परीक्षेसाठी. काकाजी कुणाचंच ऐकत नसत. "नवस सोडून आलो ना आपण? मग पुन्हा काहून मागता? सगळ्याईचं भलं होवो, त्यातच तुमचं आलं." बायका कुरकुरत. मला मात्र त्यांचा अभिमान वाटे. माझे वडील लवकर गेले होते. काकाजींना मी त्यांच्या जागी मानत आले होते.

मी शिक्षिकेच्या कोर्सला होते, तेव्हा आईला धंतोलीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. पोटात गाठ होती आणि डॉक्टर स्पष्ट बोलत नव्हते. त्या रविवारी वंदना सुरू व्हायच्या आधीच मी काकाजींना गाठलं.

"काकाजी, आज पुण्य माह्या आईच्या नावानं द्या. एकदाच."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुले तरी मी हे शिकवलं नव्हतं, पोरी."

"मालूम आहे."

"तुह्यासाठी नेम मोडला, तर उद्या कोणाले नाही म्हणू?"

मी पुन्हा विचारलं नाही. दवाखान्यात आईनं मात्र विचारलं, "काकाजीनं माहं नाव घेतलं काय?" मी सांगितलं, त्यांचा तसा नेम नाही. "बरोबर आहे त्याईचं," असं म्हणून तिनं कूस बदलली. उन्हाळा सरायच्या आत ती गेली. तेव्हा काकाजींनी तिच्या नावानं पाठ केला. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला त्यांची हरकत नव्हती.

पुढल्या वर्षी एका दुपारी मी विहारातल्या सतरंज्या उन्हात घालायला गेले. आत काकाजी एकटेच मूर्तीपुढे बसले होते. पाठ संपत आला होता, म्हणून मी दारातच थांबले. त्यांनी हात जोडले आणि आपल्या समजुतीनं हळूच म्हणाले, "याचं पुण्य माह्या प्रकाशले लाभो. कोराडीच्या वीजघरात पोरगं नोकरीले लागू दे."

मागे वळले तर समोर मी.

"राहवलं नाही वं," ते म्हणाले. "पोरगं कधीपासून घरी बसून आहे."

"माह्या आईच्या वेळी राहवलं?"

आईनं ज्या समजुतीनं कूस बदलली होती, ती मला आठवत होती. मी सतरंज्या तशाच टाकून घरी आले. त्यानंतर विहारात गेले नाही.

प्रकाशला नोकरी लागली, कोराडीच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं, आणि काकाजीही त्याच्यासोबत तिकडे राहायला जाणार होते. निघायच्या सकाळी काकाजी आमच्याकडे आले. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ते तसेच उभे राहिले.

"तुह्या आईचं नाव घेतलं असतं, तरी ती वाचली नसती."

"मालूम आहे, काकाजी."

"पण तिले बरं वाटलं असतं," ते म्हणाले. "तेवढं तं मले तेव्हाही समजत होतं."

ते असं काही बोलतील आणि माझा राग उतरेल, अशी मी मनातून वाट पाहत होते. उतरला नाही. समजत असूनही त्यांनी नाही म्हटलं होतं, हेच जास्त लागलं. मी आत निघून गेले.

कोराडीला त्यांना भेटायला मी कधी गेले नाही. काही वर्षांनी प्रकाश घरी आला आणि बाबा गेल्याचं त्यानं सांगितलं. मी त्याच्यासमोर खूप रडले. बाबांवर तुमची फार माया होती, असं तो जाताना म्हणाला. मी त्याला होच म्हटलं.