हिराबाईंची कॉफी पुण्याला निघते

कॉफी म्हटलं की मला कर्नाटकच आठवतं. त्यामुळे आपल्या अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे डोंगरात कॉफी पिकते हे ऐकून माझा काही विश्वास बसेना. खात्री करायला म्हणून पुण्याहून एस.टी. पकडली. संगमनेरपर्यंत ऊस, अकोल्यानंतर भातखाचरं. राजूरला आठवडी बाजार भरला होता. तिथून जीपने पाड्यावर (छोट्या वस्तीवर) पोहोचले.

हिराबाई महादेव कोळी समाजातल्या. घरामागच्या उतारावर, फणस-आंब्याच्या सावलीत त्यांची कॉफीची झाडं. वरची सावली तोडायची नाही, औषध फवारायचं नाही. पिकलेली फळं त्या एकेक करून खुडत होत्या. मी हौसेने एक हिरवट खुडलं, तर हातावर चापट बसली.

"लाल झाल्याबिगर हात न्हाई लावायचा, ताई!"

जेवायला नागलीची (नाचणीची) भाकरी आणि खुरासणीची (कारळ्यांची) चटणी. लई झकास! जेवताना विषय निघाला तो गेल्या वर्षीच्या पोत्याचा. आदिवासी शेतकऱ्यांना योग्य भाव देणारी पुण्यातली काही मंडळी चव पाहून माल घेतात. त्यांनी हिराबाईंचं पोतं परत पाठवलं होतं.

"धुराचा वास येतो म्हनाले. आता बियानं कुठं ठिवायचं? चुलीवरच्या माळ्यावरच की! किडा लागत न्हाई."

मला हसू आवरेना. मग मी वाचलेलं सगळं ज्ञान पाजळलं: कॉफी शेजारचा वास ओढून घेते, जपावं लागतं, वगैरे.

"यंदा चुलीपासनं लांब टांगलीया," त्या म्हणाल्या. "पर यंदाबी परत आली तर दीर झाडं तोडून वरई पेरनार हायेत."

निघताना त्यांनी नमुन्याची पुरचुंडी माझ्या हातात दिली. पुण्याच्या मंडळींना पोचवायची.

राजूरच्या बाजारात सुके बोंबील दिसले आणि मी घेतले. हावरटपणा, दुसरं काय! संगमनेरच्या स्टँडवर पाण्यासाठी पिशवी उघडली आणि पाहते तर काय, पुरचुंडी आणि बोंबील एकाच पिशवीत! कॉफीला मासळीबाजाराचा वास येत होता. गुपचूप देऊन टाकावी का, असंही क्षणभर वाटलं. मग दिरांची कुऱ्हाड आठवली. मुकाट्याने उलटी एस.टी. धरली.

ऊन उतरताना मी पुन्हा अंगणात उभी. हिराबाईंनी पुरचुंडी हुंगली आणि पोट धरून हसल्या.

"आमी धुरात ठिवली, तुमी बोंबलात. झाली फिटंफाट!"

मला मात्र रडू यायचं बाकी होतं. त्यांनी दुसरी पुरचुंडी बांधून दिली आणि बोंबील काढून घेतले. "हे हितंच ऱ्हाऊ द्या."

पुण्यापर्यंत ती पुरचुंडी मी मांडीवर धरून आणली. तिथे कॉफी तपासणाऱ्या बाईंनी बिया भाजून, दळून कॉफी केली, घोट घेतला, डोळे मिटले, परत एक घोट घेतला. शेवटी त्या म्हणाल्या, "पोतं मागवा."

बाहेर येऊन लगेच फोन लावला. "हिराबाई, घेतली! झाडं राहणार!"

पलीकडून नाक ओढल्यासारखं ऐकू आलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "बोंबीलबी चांगलं हुतं."